गुरुवारचा सात वाजताचा फोन

डेनिसला आम्ही फसवलं. आम्ही म्हणजे ज्या क्रिकेट क्लबचं कप्तानपद त्याने चौतीस वर्षं सांभाळलं, त्या क्लबची कमिटी. खोलीत सहा माणसं होती, सहाही हात वर झाले, आणि त्यातला एक हात माझा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण तो गेल्यापासून सहा आठवडे त्याच्याबद्दल जे काही माझ्या कानावर येतं आहे ते सगळं गोड आहे, आणि धंद्यात माझी कायमची सवय आहे की समोरचा फार गोड बोलायला लागला की मी मालाची मागची बाजू उलटून बघतो.

तो गेल्याचं कळलं तेव्हा मी बर्मिंगहॅमला होतो. बंद पडणाऱ्या रेस्टॉरंटांच्या भट्ट्या, फ्रीज, भांडी धुण्याची यंत्रं विकत घ्यायची, दुरुस्त करायची आणि नवीन रेस्टॉरंट काढणाऱ्याला विकायची, हा माझा तीस वर्षांचा उद्योग. एका मालकाबरोबर भट्टीवरून घासाघीस चालली होती आणि जोनचा, म्हणजे डेनिसच्या बायकोचा, फोन आला. ती एवढंच म्हणाली, "सकाळी गेला. चहा अर्धा राहिला." मी फोन खिशात ठेवला आणि मालकाने सांगितलेल्या भावात भट्टी घेऊन बाहेर पडलो. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. परतताना मोटरवेवर व्हॅन चालवताना मला रडू आलं नाही, राग आला. कोणावर, ते तेव्हा नीट कळत नव्हतं... नंतर कळलं.

मी इचलकरंजीचा. चोवीस वर्षांचा असताना इल्फर्डला दादांकडे, म्हणजे इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर असलेल्या माझ्या चुलतभावाकडे आलो. दादांना वाटत होतं मी अकाउंट्सची परीक्षा द्यावी, आणि मी एका रेस्टॉरंटच्या मागच्या खोलीत कढया घासत होतो. शनिवारी दुपारी मात्र मी क्रिकेटचं मैदान शोधत फिरायचो. गावाकडे मी जिमखान्याकडून खेळलेला. शोधता शोधता झाडांच्या रांगेआड हा क्लब सापडला. एक बुटका, लालबुंद मानेचा माणूस एकटाच रोलर ओढत होता. मी विचारलं, कप्तान कुठे भेटेल? तो म्हणाला, रोलरचं दुसरं टोक धर, मग सांगतो. अर्धा तास ओढून झाल्यावर त्याने हात पुसून पुढे केला. कप्तान तोच होता. त्याने माझं आडनाव विचारलं, दोनदा म्हणून बघितलं, आणि त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी त्याचा "साळुंखे" राहिलो. सुनंदाला, माझ्या बायकोला, हे फार उद्धट वाटायचं. नुसतं आडनावाने हाक मारायला तू काय शाळेत आहेस का, म्हणायची. पण तो सगळ्यांनाच आडनावाने बोलवायचा आणि सगळे त्याला स्किपर म्हणायचे.

डेनिस काही मोठा खेळाडू नव्हता. कौन्सिलच्या रस्ते खात्यात नोकरी, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी क्रिकेट. ह्या खेळाने त्याला कधी एक पेनी दिली नाही. उलट तोच दरवर्षी वर्गणी भरायचा, मॅचची फी भरायचा, चेंडू हरवले तर गुपचूप नवे आणायचा. फलंदाजीला नवव्या नंबरवर यायचा, गोलंदाजी टाकायचा नाही, स्लिपमध्ये उभा राहायचा आणि निम्मे झेल सोडायचा. मग कप्तान कशाला, असं मी पहिल्याच महिन्यात दादांना विचारलं होतं. उत्तर मला पाचव्या आठवड्यात मिळालं, फोनवर.

त्या काळी शुक्रवारी सकाळी पॅव्हेलियनच्या खिडकीत संघाची यादी लागायची. पण त्याआधी गुरुवारी संध्याकाळी सात वाजता डेनिस आपल्या घराच्या पॅसेजमध्ये, टेलिफोनजवळच्या लाकडी खुर्चीवर बसायचा, जुन्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने नावं लिहायचा आणि एकेकाला फोन करायचा. आणि सगळ्यात पहिला फोन करायचा तो ज्याला वगळलंय त्याला. मी पाच मॅचमध्ये मिळून चौदा धावा केल्या होत्या. दादांच्या घरी फोन वाजला. "साळुंखे, ह्या शनिवारी तू संघात नाहीस. खिडकीत वाचण्याआधी माझ्या तोंडून ऐकावंस म्हणून सांगतोय. तुला एक प्रश्न विचारता येईल." माझं डोकं फिरलं. मी भाव करायला लागलो. माझ्या मालकाची व्हॅन मी आणू शकतो, चार माणसं त्यातून नेऊ शकतो, चहाला सामोसे आणू शकतो. तो शांतपणे म्हणाला, "व्हॅन हवी आहे. बॅट नको आहे. पण हा प्रश्न नव्हता." मग मी ओरडूनच विचारलं, का? त्याने मला दोन मिनिटं सांगितलं. माझा डावा पाय कुठे जातो, मी पहिल्याच चेंडूवर कसा घाई करतो, आणि माझ्या जागी कोण येणार आहे. शेवटी म्हणाला, "आता आपण दोघंही झोपू शकतो." मी रागारागाने रिसीव्हर आपटला, आणि शनिवारी व्हॅन घेऊन गेलो.

हा त्याचा नियम होता. वगळलेल्या माणसाला फोन, त्याला एक प्रश्न, आणि प्रश्नाला खरं उत्तर. फोन झाला की पाकिटावर त्या नावापुढे एक बारीकशी खूण. वगळलेल्याचं नाव अगदी तळाशी असायचं, तरी पहिली खूण त्याचीच. एकदा त्याने आपल्या पोराला, मार्टिनला, वगळलं. मार्टिन तेव्हा ह्यांच्याबरोबरच राहायचा, शेजारच्या खोलीत टीव्ही बघत बसला होता. डेनिसने कोट घातला, कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये गेला आणि तिथून स्वतःच्याच घरी फोन केला. जोनने उचलला, तर हा म्हणाला, "मार्टिनशी बोलायचंय, मी कप्तान बोलतोय." पोराला इतरांसारखाच फोन आला पाहिजे, जेवणाच्या टेबलावर हळूच सांगितलेलं चालणार नाही, हा हट्ट. मार्टिन आता केंब्रिजला असतो. अंत्यविधीनंतर त्याने हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. तो हसला नाही. म्हणाला, मी एक प्रश्न विचारला होता, जेवायला काय आहे. हसणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज कॉलिनचा होता.

कॉलिन हा क्लबचा चेअरमन. एकोणीस वर्षांचा असल्यापासून क्लबमध्ये आहे, म्हणजे डेनिसने त्यालाही फोन केलेले आहेत. मला माहीत असलेले तीन. एकदा तर तो इतका चिडला होता की डेनिसने अर्धा तास फोन कानाला लावून नुसतं ऐकलं होतं. हे लक्षात ठेवा.

पुढे मी स्वतःची व्हॅन घेतली, मग दुसरी, मग गोडाऊन. अकरा वर्षं मी डेनिसचा उपकप्तान होतो. आमची भांडणं पुष्कळ झाली. त्याला डाव लवकर सोडायची सवय होती. मी म्हणायचो, अजून तीस धावा काढून घेऊ, समोरच्याला काही द्यायचं नाही. तो म्हणायचा, "साळुंखे, तू समोरच्याला दुकानात शिरूच देत नाहीस, मग तो घेणार कसा?" मी त्याच्यावर दातओठ खायचो. पण माझं गोडाऊन जळालं त्या वर्षी, सगळे लोक फुलं आणि कार्डं पाठवत होते तेव्हा, हा रबरी बूट घालून आला आणि दोन दिवस माझ्याबरोबर काळं पाणी उपसत होता. त्याविषयी नंतर तो कधी बोलला नाही, मीही नाही.

मग शेवटची दोन वर्षं. डेनिस सत्तरीच्या पुढे गेला होता आणि विसरायला लागला होता. एका मॅचमध्ये ज्याची षटकं संपली होती त्याच्याच हातात त्याने चेंडू दिला. एकदा नाणेफेक जिंकून परत आला आणि काय घेतलं तेच त्याला सांगता येईना. तरुण खेळाडू एकमेकांकडे बघायचे. कप्तान बदलायला हवा होता, ह्यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. आणि नवा कप्तान कोण, तर रोहन. दादांच्या हॉस्पिटलातल्या मराठी डॉक्टर जोडप्याचा मुलगा, इथेच जन्मलेला, इथल्या बँकेत कामाला, क्लबचा सगळ्यात चांगला फलंदाज. एका इंग्लिश क्लबचा कप्तान मराठी मुलगा होणार, हे मला हवं होतं. फार हवं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत हे जाहीर करताना माझी छाती कशी फुगेल हे मी आधीच बघून ठेवलं होतं. म्हणून ही जुळवाजुळव मी केली. कमिटीतल्या एकेकाला बाजूला घेऊन पटवलं. धंद्यात शिकलेलं सगळं तिथे वापरलं.

मीटिंग मंगळवारी झाली. डेनिस प्रकृतीमुळे मीटिंगला यायचा बंद झाला होता. सहा हात वर झाले. मग प्रश्न आला, त्याला सांगणार कोण? कॉलिन माझ्याकडे बघून म्हणाला, तू त्याचा मित्र आहेस. मी म्हटलं, आणि तू चेअरमन आहेस, हे तुझं काम. त्याने थोडं टाळलं, मी थोडं रेटलं. शेवटी कॉलिनने फाईल बंद केली आणि म्हणाला, "ठीक आहे, माझ्यावर सोड." तेवढंच. मी तो सौदा जिंकलो आणि हलक्या पायाने घरी आलो.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी माझा फोन वाजला. आता यादी क्लबच्या ॲपवर लागते, पण डेनिसने फोन सोडले नव्हते. मी अजून शनिवारी अंपायर म्हणून उभा राहायचो, त्यामुळे मलाही यायचा. "साळुंखे, शनिवारी एक वाजता. व्हॅन आण, स्टंप्स तुझ्याकडे आहेत. रोहनला तिसऱ्या नंबरवर घेतोय. नाणेफेक जिंकली तर गोलंदाजी घेणार, खेळपट्टी ओली असेल." त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. ते मला त्या एका क्षणात कळलं. सुनंदा समोर पोळ्या लाटत होती, तिने माझ्या चेहऱ्याकडे बघून लाटणं थांबवलं... मी म्हटलं, "बरं, स्किपर."

लगेच मी कॉलिनला फोन केला. तो म्हणाला, उद्या करतो, आज घरी पाहुणे आहेत. मी दोन शिव्या दिल्या आणि फोन ठेवला. शुक्रवारी मी चेक केलं नाही. मी रोज चाळीस फोन करतो. एक्केचाळिसावा केला नाही.

शनिवारी रोहन ब्लेझर घालून समोरच्या कप्तानाबरोबर मधे गेला होता. मी अंपायर म्हणून तिथेच उभा. नाणं हवेत होतं तेव्हा मला डेनिस येताना दिसला. क्लबचं जुनं ब्लेझर, गळ्यात टाय, मूठ बंद. त्या मुठीत त्याचं नाणेफेकीचं नाणं होतं हे मला माहीत होतं. तो खेळपट्टीपासून दहाएक पावलांवर थांबला. त्याने रोहनकडे बघितलं, मग माझ्याकडे. रोहन हसून म्हणाला, "आलात, स्किपर, थँक्यू." कारण रोहनला वाटत होतं की डेनिसला सगळं माहीत आहे आणि तो शुभेच्छा द्यायला आला आहे. गुरुवारचे फोनसुद्धा त्याने शेवटची सवय म्हणून केले असं सगळ्यांना वाटलं होतं. कॉलिनने त्यांना तसंच सांगितलं होतं. डेनिसने मूठ ब्लेझरच्या खिशात घातली. खेळपट्टीकडे वाकून बघितलं आणि रोहनला म्हणाला, "ओली आहे. गोलंदाजी घे." मग वळून चालत स्कोअररच्या खोलीत गेला आणि पूर्ण मॅच स्कोअर लिहीत बसला. त्याचं अक्षर त्या दिवशी जितकं सुबक आहे तितकं त्या वहीत दुसरीकडे कुठेही नाही. आम्ही जिंकलो. चहाला तो थांबला नाही. पुन्हा मैदानावर आला नाही.

संध्याकाळी रोहन माझ्या व्हॅनजवळ आला. ताण आला की त्याचं मराठी जास्तच बिघडतं. "काका, मला वाटला त्यांना माहीत आहे. कॉलिन म्हणाला, ऑल सॉर्टेड. तुम्हाला माहीत होती का?" मी त्याला म्हटलं, तू तुझी बॅटिंग बघ. त्या मुलाचा ह्यात काडीचा दोष नाही, आणि मी त्याच्यावर खेकसलो.

पुढचं दीड वर्ष मी दर पंधरा दिवसांनी डेनिसकडे जात होतो. पॅसेजमध्ये ती खुर्ची, टेलिफोन, पेन्सिलीचा डबा, सगळं जागच्या जागी. आम्ही हवेबद्दल बोलायचो, माझ्या गुडघ्याबद्दल बोलायचो. शेवटच्या भेटीत, जानेवारीत, आधी गुडघ्याचंच बोलणं झालं. मग म्हणाला, "साळुंखे, तुला एक विचारायचं होतं." माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. इतके महिने मी ह्याच्यासाठीच तर येत होतो. त्याने विचारावं, मी सांगावं, आणि आम्ही दोघांनीही झोपावं. तो माझ्याकडे बघत राहिला. तो आपला प्रश्न खरंच विसरला, की त्याने तो गिळला, हे मला आजही सांगता येत नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "व्हॅन कशी चालते?"

आता क्लबने ठरवलंय की मोसमाच्या पहिल्या शनिवारी डेनिसच्या नावाचा बाक बसवायचा. ओकचं लाकूड, पितळी पाटी, "आमचा लाडका कप्तान". कॉलिनने मला फोन करून भाषण करायला सांगितलं. म्हणाला, जुने किस्से सांग, फोन बूथचा तर सांगच, लोकांना फार आवडला तो, बाकीचं आता कशाला. मी म्हटलं, बाकीचंच सांगायचं आहे. तू सगळ्यांसमोर उभा राहून कबूल कर की फोन करायचा शब्द तू दिला होतास आणि केला नाहीस, मग मी माझं सांगतो. तो म्हणाला, ह्याने आता कोणाचं भलं होणार आहे? मी म्हटलं, हा भाव मी कमी करणार नाही. त्याने फोन ठेवला. भाषण आता दुसऱ्या कोणाला दिलंय असं ऐकतो.

दहा दिवसांपूर्वी जोनने मला बोलावलं आणि पाकिटांचा एक गठ्ठा दिला. गॅसची बिलं, बँकेची पत्रं, सगळ्यांच्या पाठीवर पेन्सिलीने अकरा अकरा नावं. सगळ्यात वरचं पाकीट त्या गुरुवारचं होतं. रोहन तिसरा. प्रत्येक नावापुढे खूण. कडेला, अंपायर म्हणून, साळुंखे, माझ्याही पुढे खूण. नवव्या नंबरवर त्याचं स्वतःचं नाव होतं, पण त्यावर एक सरळ रेघ मारलेली होती, आणि तळाशी, वगळलेल्याचं नाव जिथे लिहायचा तिथे, त्याने ते पुन्हा लिहिलं होतं. शनिवारी घरी येऊन लिहिलं असणार. त्या नावापुढची जागा कोरी होती. खूण नव्हती, कारण फोन आला नव्हता.

मी घरी गेलो नाही. व्हॅन त्यांच्या रस्त्याच्या टोकाला, जिथे पूर्वी तो टेलिफोन बूथ होता तिथे उभी केली. गुरुवार होता. सात वाजायची वाट बघितली आणि जोनच्या घरच्या नंबरवर फोन केला. तिने उचलला. मी म्हटलं, जोन, डेनिसला वगळलं तेव्हा मीही हात वर केला होता. हे त्याला माझ्या तोंडून ऐकायला हवं होतं. आता त्याच्या जागी तुला एक प्रश्न विचारता येईल. तिने पॅसेजमधली खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्या गुरुवारी त्याने तुला फोन केला, तेव्हा तुला माहीत होतं?" मी म्हटलं, "होतं." तिने रिसीव्हर ठेवला. आपटला नाही, ठेवला. परवा मी गेलो तेव्हा तिने दार उघडलं, पण चहा विचारला नाही. ती किंमत मी धरून चाललो आहे. माझ्या वाट्याचं मी भरतो आहे.

रोहनची आई ही पुरवणी दर आठवड्याला वाचते. हा लेख ती रोहनला वाचून दाखवील, आणि रोहनने तो कॉलिनला शब्दन् शब्द इंग्रजीत सांगावा, कप्तान म्हणून हे त्याचं काम आहे. कॉलिन, बाक बसवायला अजून तीन आठवडे आहेत. म्हणजे तीन गुरुवार. जोन सात वाजता घरी असते. टेलिफोनचा नंबर तोच आहे, तिने लाईन काढून टाकलेली नाही. तुला तीनदा ह्याच नंबरवरून फोन आला होता, तेव्हा नंबर नाही असं म्हणू नकोस. फोन कर, ती एक प्रश्न विचारील, तू खरं उत्तर दे. पाकीट माझ्याकडे आहे. पेन्सिल घेऊन मी वाट बघतोय.